स्वयंनाशाची कळ की विमानाची माघार? वादासाठी बाजू निवडताना

कोल्हापुरातल्या आमच्या अभ्यासमंडळात यंदा वादाला विषय आहे: चुकून सुटलेला अणुहल्ला थांबवायचा, तर क्षेपणास्त्रात स्वयंनाशाची कळ बसवावी, की अण्वस्त्रं विमानांवर ठेवावीत? मी दोन्ही बाजूंनी बोललोय, म्हणून हे लिहितोय.

कळीची बाजू मांडायला सोपी. अमेरिका मिनिटमन या खंड ओलांडणाऱ्या आपल्या अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्राची चाचणी घेते तेव्हा त्यात ही सोय असतेच. भरकटलं की हवेतच नष्ट करतात. तैनात क्षेपणास्त्रांत मात्र ती नसते. नष्ट करण्याचा संकेत शत्रूला सापडला, तर सगळा मारा फुकट. 'संकेत आणखी गुप्त ठेवू' असं उत्तर मी दिलं होतं, आणि ते अगदीच चुकीचं नसावं. ९ मार्च २०२२ ला आपलं एक क्षेपणास्त्र, अण्वस्त्र नसलेलं, चुकून सुटून पाकिस्तानात मियाँ चन्नूजवळ पडलं. हा दाखलाही या बाजूच्या कामाचा.

माझं घोडं अडलं ते संपर्काच्या रेंजपाशी. एका पावसाळ्यात भाऊ गाडी घेऊन कोकणात निघाला आणि मागून कळलं, करूळ घाटात दरड आलीय. मी फोनवर फोन लावतोय, पलीकडून एकच: 'संपर्क क्षेत्राच्या बाहेर'. निरोप पोचला नाही, म्हणून तो पुढेच जात राहिला. रात्र गाडीतच काढली त्यानं. कळ बसवलेल्या क्षेपणास्त्राचंही हेच. संदेश पोचला नाही, तर ते लक्ष्यावरच जाणार, आणि खंड ओलांडायला त्याला लागतो जेमतेम अर्धा तास.

विमानांची शिस्त याच्या बरोबर उलटी. शीतयुद्धात अमेरिकी बॉम्बर ठरलेल्या टप्प्यापर्यंत जायचे. तिथं पुढे जाण्याचा स्पष्ट आदेश आला नाही, तर माघारी. रेडिओ बंद पडला तरी माघारीच. ३ जून १९८० ला एका बिघडलेल्या चिपमुळे हल्ल्याचा खोटा इशारा आला, तेव्हा बॉम्बरची इंजिनं सुरू झाली होती. चूक कळल्यावर ती बंद करता आली.

विरोधक पालोमारेस काढतील, तयारीत राहा. १७ जानेवारी १९६६ ला स्पेनमधल्या त्या गावावर हवेत इंधन घेताना बी-५२ या अमेरिकी बॉम्बरची इंधनवाहू विमानाशी टक्कर झाली, चार हायड्रोजन बॉम्ब खाली आले आणि दोघांतली साधी स्फोटकं फुटून शेतात प्लुटोनियम पसरलं. हे मान्यच करा, आणि विमानं जमिनीवर सज्ज ठेवा म्हणा, बॉम्ब घेऊन घिरट्या नकोत.

कळीची बाजू एखादा चांगला वक्ता पेलेलही. मी मात्र विमानांकडे झुकलोय. आमच्या घरी आता ठरलंय: गगनबावड्यावरून घरी फोन लागला नाही, तर घाट उतरायचा नाही.