फार्मसी सॉफ्टवेअर घ्यावं का? काउंटरवर बरेच महिने वापरून झाल्यावर

आमचं मेडिकल तालुक्याच्या गावात, एसटी स्टँडच्या समोर. बायकोपण फार्मासिस्ट, त्यामुळे काउंटरवर आम्ही दोघं आणि हाताखाली एक पोरगा. नुसतं बिलिंग आधीपासून होतंच, पण पेशंटची हिस्टरी, रिफिलचे म्हणजे गोळ्या संपत आल्याचे मेसेज, इंटरॅक्शनचे म्हणजे दोन औषधं एकमेकांना मारक असल्याचे अलर्ट, सगळं एकत्र असलेलं सॉफ्टवेअर 2025 च्या गणपतीत घेतलं. कंपनीचं नाव देत नाही, बाकीच्यांचे डेमो बघितले तेव्हा सगळी उन्नीस-बीसच वाटली.

आधी सगळ्यात कामाची गोष्ट सांगतो, ती म्हणजे ब्रँडवरून नाही तर कंटेंटवरून, म्हणजे गोळीतल्या मूळ औषधावरून दिसणारी हिस्टरी. एक मावशी बीपीच्या गोळ्या न्यायला येतात, त्या दिवशी शहरातल्या डॉक्टरची नवीन चिठ्ठी घेऊन आल्या, ब्रँड वेगळा, रंग वेगळा. बिल करताना स्क्रीनवर आलं की टेल्मिसार्टन 40 यांना आठ दिवसांपूर्वीच दिलंय. विचारलं तर म्हणाल्या, "ती पण चालू आहे की, डॉक्टरांनी बंद कर म्हटलं नाही." म्हणजे एकच औषध दोन नावांनी पोटात गेलं असतं. तिथूनच डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी जुनी बंद करायला सांगितली. गर्दीच्या वेळी हे डोक्यात राहणं अवघड आहे हो, कितीही वर्षं काउंटरवर काढली असली तरी.

इंटरॅक्शनच्या अलर्टचं मात्र अर्धंमुर्धं. रक्त पातळ ठेवणारं क्लोपिडोग्रेल आणि ॲसिडिटीचं ओमेप्राझोल ही खरंच टाळायची जोडी एकत्र आली तरी लाल, आणि अगदी किरकोळ गोष्टीलाही तोच लाल. पोरगा सरळ एंटर मारत सुटतो. शेवटी सेटिंगमध्ये जाऊन फक्त वरच्या लेव्हलचे अलर्ट ठेवले, वर थायरॉईडची गोळी आणि कॅल्शियम ही जोडी स्वतः टाकली, कारण निम्म्या बायका दोन्ही सकाळी एकदमच घेतात आणि मध्ये चार तास तरी जायला हवेत हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं.

एच-1 चं रजिस्टर, म्हणजे सरकारच्या शेड्युल एच-1 यादीतल्या औषधांची वेगळी नोंदवही, हा दुसरा मोठा फायदा. मार्च 2014 पासून हा नियम आहे, सेफिक्झिम, अल्प्राझोलाम, टीबीची औषधं दिली की डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध आणि किती दिलं हे वेगळं लिहायचं आणि 3 वर्षं सांभाळायचं. आता डॉक्टरचं नाव टाकल्याशिवाय बिलच पुढे जात नाही. एक्स्पायरीचं पण तसंच, तीन महिने आधी लिस्ट निघते, माल वेळेत स्टॉकिस्टकडे, म्हणजे आमच्या होलसेलरकडे परत जातो.

डोकेदुखी म्हणजे पर्चेस, आलेल्या मालाची नोंद. स्टॉकिस्टची फाईल मेलवर येते, ती इम्पोर्ट केली की काम झालं असं डेमोत दाखवतात, पण 10 गोळ्यांची स्ट्रिप 15 ची झाली की अख्खा स्टॉक बोंबलतो, म्हणून पहिल्यांदा येणारा प्रत्येक आयटम आम्ही हातानेच तपासतो. आणि 22 सप्टेंबर 2025 ला बऱ्याच औषधांचा जीएसटी 12 वरून 5 टक्के झाला तेव्हा तर परीक्षाच होती, स्ट्रिपवर जुनी एमआरपी, कंपनीच्या नवीन लिस्टमध्ये कमी, आणि आमच्या सॉफ्टवेअरचा अपडेट चांगलाच उशिरा आला. तोवर एकेका बॅचचा रेट बायको हाताने बदलत बसली, कारण गिऱ्हाईकाला कमी झालेला भाव त्याच दिवशी मिळायला हवा.

रिफिलचा मेसेज लोकांना आवडतो, शुगरचे पेशंट आता गोळ्या संपायच्या आधी येतात. फक्त मेसेजमधून औषधाचं नाव पहिल्याच आठवड्यात काढून टाकलं. आमच्याकडे नंबर बऱ्याचदा मुलाचा नाहीतर शेजाऱ्याचा असतो, मानसिक आजाराची नाहीतर एचआयव्हीची गोळी चालू आहे हे त्याला कळायचं काही कारण नाही. "तुमची औषधं संपत आली असतील" एवढंच जातं, आणि तेही विचारून. डेमो देणाऱ्याने ही गोष्ट स्वतःहून सांगायला हवी होती, याचा मला खरंच राग आहे.

राहिलं मराठी लेबल. "सकाळी 1, रात्री 1, जेवणानंतर" असं छापायला गेलं की थर्मल प्रिंटरवर जोडाक्षरं तुटतात, "रात्री"चं भलतंच काहीतरी होतं. सपोर्टवाले इंग्लिशमध्ये छापा म्हणतात. आमच्या म्हाताऱ्या पेशंटना त्याचा काय उपयोग? म्हणून पाकिटावर सूर्य-चंद्राचे शिक्के मारतो, पेनने आकडा लिहितो. रिन्यूअलच्या आधी हे दुरुस्त करून द्या असं कंपनीला लेखी कळवलंय, नाहीतर पुढच्या वर्षी दुसरं बघणार, आणि डेमोला या वेळी आमचाच प्रिंटर लावायला सांगणार.