सैतानाच्या चाली ओळखायला शिकवणारे तीस दिवस : इग्नेशियन साधनेचं परीक्षण

सैतान म्हटलं की ज्यांना शिंगं, शेपूट आणि किंकाळ्याच हव्या असतात, त्यांनी या वाटेला जाऊ नये, निराशा होईल. येशूसंघाचे (जेझुइट) संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांच्या आध्यात्मिक साधनेवर उभं असलेलं तीस दिवसांचं मौन रिट्रीट, म्हणजे एकांतातली साधना, भुताखेतांबद्दल जवळजवळ काहीच बोलत नाही. सैतान इथे येतो तो मोह घालणारा म्हणून. इग्नेशियस त्याला बहुतेक ठिकाणी नुसतं ‘शत्रू’ किंवा ‘मानवी स्वभावाचा शत्रू’ म्हणतात. तो कुठून शिरतो, कोणाशी कसा बोलतो आणि कोणत्या टप्प्यावर पकडला जातो, हे इतक्या बारकाईने शिकवणारी दुसरी सेवा ख्रिस्ती परंपरेत शोधूनही सापडणं कठीण. मात्र तिचा दर्जा इमारतीवर किंवा जेवणावर ठरत नाही. तो ठरतो रोज समोर बसणाऱ्या मार्गदर्शकावर.

आधी वेळापत्रक. साधनेचे चार ‘आठवडे’ असतात, पण ते सात-सात दिवसांचे नसतात. ज्याची जशी प्रगती तसे लांबतात, आखडतात. पहिला पापाच्या जाणिवेचा, दुसरा ख्रिस्ताच्या जीवनाचा, तिसरा दुःखसहनाचा, चौथा पुनरुत्थानाचा. दिवसाला तासातासाच्या चार-पाच प्रार्थना, मिस्सा (कॅथलिक उपासनाविधी), आत्मपरीक्षण आणि मार्गदर्शकाशी अर्धा-पाऊण तास बोलणं. बाकी पूर्ण मौन. मूळ आराखड्यात मध्यरात्रीची प्रार्थनाही आहे. बरीच केंद्रं ती ऐच्छिक ठेवतात, आणि ते बरोबरच आहे. हा आराखडा पोप तिसरे पॉल यांनी १५४८ मध्ये मान्य केला, पण त्याची मुळं १५२२ साली स्पेनमधल्या मान्रेसा गावात आहेत. तिथे इग्नेशियसना हवेत सापासारखी, अनेक डोळ्यांची एक देखणी आकृती वारंवार दिसे आणि तिच्याकडे पाहून बरंही वाटे. ती सैतानाची आहे हे त्यांना पुढे क्रुसासमोर उमगलं. बरं वाटतंय म्हणजे ते देवाकडूनच आलं असेल, हा समज साधना पुढे पद्धतशीर मोडून काढते, त्याचं बीज या प्रसंगात आहे.

मनातली हालचाल चांगल्या आत्म्याची की शत्रूची, हे ओळखण्याचे पहिल्या आठवड्यासाठी १४ नियम आहेत. त्यातले पहिले दोन नीट पचले तरी अर्धं काम झालं. जो माणूस पापामागून पाप करत चाललाय, त्याला शत्रू गोंजारतो, सुखाची चित्रं दाखवतो. टोचणी लावतो तो चांगला आत्मा. जो सुधारणेच्या वाटेला लागलाय, त्याच्या बाबतीत हे नेमकं उलटतं. आता शत्रू कुरतडतो, उदास करतो, खोट्या सबबी पुढे करतो, आणि धीर देतो तो चांगला आत्मा. म्हणजे एकच टोचणी एकासाठी देवाची हाक, तर दुसऱ्यासाठी सैतानाची खोडी. माणूस कुठल्या दिशेने चाललाय हे पाहिल्याशिवाय निदान होत नाही. प्रवचनांतून हा फरक सहसा हरवतो, आणि हळव्या मनाची माणसं उगाच भरडली जातात.

सगळा दोष सैतानावर ढकलायची सोयही इथे नाही. मनात येणारे विचार तीन प्रकारचे धरले आहेत : स्वतःचे, चांगल्या आत्म्याचे आणि वाईट आत्म्याचे. बायबलमधलं याकोबाचं पत्रही माणूस स्वतःच्याच वासनेने ओढला जातो असं सांगतं. मोह घालणारा दार ठोठावतो. कडी आतून आपणच काढतो. कॅथलिक शिकवणुकीप्रमाणे तो निर्माण केलेला जीव आहे, त्याच्या ताकदीला मर्यादा आहे. हे सुरुवातीलाच नीट बसलं नाही, तर तीस दिवस दचकण्यात जातात.

प्रत्यक्षात सगळ्यात उपयोगी पडणारा नियम पाचवा : मन कोरडं, अंधारलेलं असताना आधीचा निर्णय बदलायचा नाही. पहिल्या आठवड्यात कधीतरी ‘आपलं हे काम नव्हे, घरी जावं’ हा विचार बहुतेकांना गाठतोच. नियम म्हणतो, थांबा, आणि सहावा नियम पुढे जाऊन सांगतो की प्रार्थना आणि आत्मपरीक्षण थोडं वाढवा. याचीच एक छोटी, घड्याळावर मोजता येणारी युक्ती आहे. तासाची प्रार्थना असेल आणि चाळिसाव्या मिनिटाला ‘आज पुरे’ वाटलं, तर साठ मिनिटं पुरी करायची आणि वर थोडी जास्त बसायची. शत्रूचा डाव वेळ कापण्याचा असतो; कापायला गेल्यावर वेळ वाढतोच हे दिसलं की तो डाव वाया जातो.

दुसऱ्या आठवड्यातलं, चौथ्या दिवशीचं ‘दोन ध्वज’ हे चिंतन साधनेचा कळस मानावा. बाबेलच्या विस्तीर्ण मैदानात आग आणि धुराच्या सिंहासनावर शत्रूंचा सरदार बसला आहे. तो असंख्य दूत गावोगाव पाठवतो. एकही प्रांत, एकही माणूस वगळत नाही. त्यांना दिलेली आज्ञा तीन पायऱ्यांची : आधी संपत्तीची ओढ, मग जगातला मानमरातब, मग गर्व. गर्वापर्यंत पोचवलं की बाकीचे दुर्गुण आपोआप मागे येतात. समोर जेरुसलेमजवळच्या साध्या जागेत ख्रिस्त, आणि त्याच्याही तीन पायऱ्या : दारिद्र्य, अपमान, नम्रता. पहिल्या पायरीवर पाप असं काही दिसतच नाही, ही यातली धार. चार पैसे गाठीला असावेत यात काय वावगं? चांगला मार्गदर्शक इथे घाई करत नाही; साधकाची ‘संपत्ती’ पैसा आहे, हुशारी आहे की सेवाभावाची कीर्ती, हे त्याचं त्याला शोधू देतो.

मग येतात आणखी आठ नियम, आणि ते जास्त अवघड आहेत, कारण इथे सैतान प्रकाशाच्या दूताचं रूप घेतो. उदाहरणार्थ, साधकाला एकदम उपासाचा उत्साह चढतो. तो जेवण कमी करतो, मध्यरात्रीही उठू लागतो. दोन दिवस सगळं छान. तिसऱ्या दिवशी झोप नाही, चौथ्या दिवशी चिडचिड, प्रार्थना कोरडी. नियम सांगतो : विचाराची सुरुवात, मध्य आणि शेवट तपासा. शेवट अस्वस्थतेत होत असेल तर सुरुवात कितीही सोज्वळ असो, शेपूट सापाचंच. मग उलट्या पावली जाऊन गाडी नेमकी कुठे घसरली ते शोधायचं, म्हणजे पुढच्या वेळी तीच चाल लवकर लक्षात येते.

हे आठ नियम पहिल्या आठवड्यातल्या, उघड मोहाशी झगडणाऱ्या नवख्याला सांगू नयेत, अशी मूळ सूचनाच आहे. त्याने फायद्याऐवजी गोंधळ वाढतो. तरी काही ठिकाणी पहिल्याच दिवशी बावीसही नियमांची झेरॉक्स हातात पडते. तेराव्या नियमात शत्रू लपूनछपून प्रेम करणाऱ्या लबाडासारखा आहे, गुपित फुटलं की त्याचं काम बिघडतं, म्हणून मोह मार्गदर्शकाला बोलून दाखवावा असं सांगितलं आहे. पण मार्गदर्शक पापांची यादी खोदत बसला, तर तो नियमाबाहेर गेला; त्याला फक्त मनातल्या हालचाली कळायला हव्यात. बाराव्या नियमातली, शत्रूला भांडखोर बाईसारखा म्हणणारी उपमा आज खटकते. दादागिरी करणाऱ्या गुंडाचं उदाहरण तिथे चपखल बसतं, आणि शहाणे मार्गदर्शक तेच वापरतात.

एक धोका गंभीर आहे. खुद्द इग्नेशियसना मान्रेसात पापशंकेने, म्हणजे पाप नसलेल्या गोष्टीतही पाप दिसण्याने, इतकं घेरलं होतं की जीव देण्याचे विचार येत. पापशंकेवर साधनेत वेगळ्या सूचना आहेत, पण नैराश्य हा आजार आणि आध्यात्मिक कोरडेपणा या दोन गोष्टी आहेत. प्रवेशाआधी मुलाखत न घेणारं, औषधांची चौकशी न करणारं केंद्र टाळावं. मौनात एखाद्याची झोप आणि भूक दोन्ही गेली, तर तिथे ‘शत्रूचा हल्ला’ म्हणून प्रार्थना वाढवणं हा निष्काळजीपणा आहे.

आठ दिवसांचं रिट्रीट स्वस्त आणि सोयीचं, पण त्यात बहुधा पहिल्या चौदा नियमांपुरतंच काम होतं. देवभक्तीच्या वेशातला मोह ओळखायला तेवढा अवधी पुरत नाही. नोकरी-संसार सांभाळणाऱ्यांना साधनेच्या पुस्तकात सुरुवातीला दिलेल्या सूचनांपैकी एकोणिसाव्या सूचनेनुसारची, घरीच करायची साधना जास्त परवडते : रोज तास-दीड तास, आठवड्याला एक भेट, साधारण तीस आठवडे. मौनाची सलगता त्यात जाते, पण मोह जिथे रोज भेटतो तिथेच त्याची तपासणी होते.

नाव नोंदवताना तीन गोष्टी विचाराव्यात. मार्गदर्शकाने स्वतः तीस दिवस केले आहेत का, तो एका वेळी किती साधक घेतो, आणि साधनेदरम्यान कुणाला आयुष्याचा मोठा निर्णय सुचला तर तो काय करतो. ‘आम्ही योग्य दिशेला वळवतो’ असं उत्तर आलं, तर पैसे भरू नका. पंधराव्या सूचनेप्रमाणे त्याने तराजूच्या काट्यासारखं मधोमध राहायचं असतं.