कापडी डायपर आठ महिने वापरल्यावर: पैसे किती वाचले आणि धुतं कोण

मे महिन्यापासून कापडी डायपर वापरतोय, लेक आता अकरा महिन्यांची होईल, म्हणून म्हटलं नव्याने आईबाप झालेल्या आणि वीस तारखेनंतर प्रत्येक खर्चाला थांब म्हणावं लागणाऱ्या लोकांसाठी एकदा नीट लिहावं. आमचं घर डोंबिवलीत, भाड्याचं वन बीएचके, तिसरा मजला, गॅलरी म्हणजे ग्रिलच्या आत दोन माणसं जेमतेम उभी राहतील एवढी. दोघंही नोकरीला, दोघंही लोकलने जाणारे. मशीन आहे पण सेमी ऑटोमॅटिक. हे आधी सांगतोय कारण कापडी डायपर परवडतो का हे तुमच्याकडे वाळत घालायला जागा किती आणि धुवायला हात किती यावर ठरतं, आणि घ्यायच्या आधी मी जेवढं वाचलं त्यात हे दोन्ही कोणीच लिहिलं नव्हतं, सगळे नुसते डिझाइन आणि मऊपणावर बोलत होते.

पहिले तीन महिने आम्ही यातलं काहीच वापरलं नाही. बायकोचं बाळंतपण माहेरी कराडला झालं आणि तिथे सासूबाईंचं राज्य, त्यांनी जुन्या सुती साड्या आणि आजोबांची धोतरं फाडून लंगोट आणि दुपटी आधीच शिवून ठेवलेली, खाली मेणकापड, वर दुपटं, झालं. नवजात बाळ दिवसाला पंधरा-वीस वेळा शू करतं, त्यामुळे लंगोटांचा ढीग पडायचा, पण आईच्या दुधावर असताना शी पातळ असते, साध्या पाण्याने निघून जाते, आणि कराडच्या गच्चीवर मार्च-एप्रिलच्या उन्हात तासाभरात सगळं कडकडीत वाळायचं. खर्च शून्य. माझं ठाम मत आहे की पहिल्या तीन महिन्यांसाठी न्यूबॉर्न साइजचे महागडे कापडी डायपर अजिबात घेऊ नका. बाळ एवढं भराभर वाढतं की ते काही आठवड्यांतच घट्ट होतात, आणि लंगोट ओला झाला की लगेच कळतं, लगेच बदलला जातो, त्यामुळे त्या काळात लेकीला एकदाही रॅश आलं नाही.

मेच्या मध्यावर दोघी डोंबिवलीला आल्या आणि तेव्हा हे डायपर घेतले. एकूण बारा. सहा नवीन, साधारण चारशेला एक, आणि सहा एका ओळखीच्या ताईंकडून वापरलेले, दीडशेला एक. ब्रँडचं नाव घेत नाही कारण तीन वेगवेगळे आहेत आणि बेसिक रचना सगळ्यांची सारखीच: बाहेरून पाणी न झिरपणारं पीयूएलचं, म्हणजे आतून प्लास्टिकसारखा पातळ थर असलेल्या कापडाचं कव्हर, पोटावर टिचबटणांच्या ओळी, त्या लावून-काढून साइज लहानमोठी होते, आणि आत खिसा, त्यात शोषून घेणारा पॅड म्हणजे इन्सर्ट सरकवायचा. खरा फरक इन्सर्टमध्ये आहे. मायक्रोफायबरचा इन्सर्ट शू झटकन ओढतो, पटकन वाळतो, स्वस्त पडतो, पण बाळ बसलं किंवा कडेवर घेतलं की दाबाने परत बाहेर सोडतो, आणि तो थेट कातडीला लागला तर कोरडेपणा येतो म्हणून कायम खिशाच्या आतच हवा. सुती आणि बांबूचे इन्सर्ट हळू शोषतात पण जास्त धरून ठेवतात, फक्त वाळायला दुप्पट वेळ घेतात. आम्ही आता दोन्ही एकत्र घालतो, वर मायक्रोफायबर, खाली सुती, तीन तास आरामात जातात. त्याच्या पुढे ठेवू नका, कोरडा वाटला तरी.

नवीन आणल्यावर लगेच गळतात म्हणून चिडू नका, ही तक्रार बहुतेक ठिकाणी दिसते. नव्या सुती कापडाला तेलकट अंश असतो, चार-पाच धुण्यांनंतर तो जातो आणि मग शोषण सुरू होतं. दुसरं कारण मांडीपाशी राहिलेली फट. कव्हरचं इलॅस्टिक मांडीवर न बसता जांघेच्या घडीत बसलं पाहिजे, चड्डी जिथे बसते तिथे. हे सासूबाईंनी व्हिडिओ कॉलवर बघून एका मिनिटात सांगितलं, खरं तर त्यांनी आयुष्यात असला डायपर पहिल्यांदा बघितला होता. एक बोट आत जाईल एवढं सैल, त्याहून जास्त नाही, आणि आतल्या पॅडचं टोक बाहेर डोकावत असेल तर तिथून कपडे ओले होणारच.

आता धुणं. हाच खरा रिव्ह्यू आहे. शूचे डायपर आम्ही लगेच एकदा साध्या पाण्यातून काढून झाकण नसलेल्या बादलीत टाकतो, घट्ट बंद करून ठेवले की दुसऱ्या दिवशी डोळ्यात पाणी येईल असा उग्र वास सुटतो. रात्री जेवणं झाली की सगळे एकत्र, आधी नुसत्या पाण्यात मशीनला एक फेरी, ते पाणी सोडून द्यायचं, मग नेहमीची पावडर पुरेशी घालून मोठी फेरी, मग दोनदा विसळणं, मग ड्रायरमध्ये दोनदा. बाळाचं आहे म्हणून चिमूटभर पावडर घातली तर वास मुरत जातो, आणि नीट विसळलं नाही तर पावडर कातडीला लागते, दोन्हीकडून सांभाळावं लागतं. कपडे मऊ करणारं लिक्विड अजिबात नको, त्याचा थर बसतो आणि शोषणं बंद. उकळतं पाणी आणि तीव्र जंतुनाशक कव्हरला नको, आतला थर सुटतो. डाग जात नसतील तर इन्सर्ट ओले असतानाच उन्हात टाका, पिवळे डाग ऊनच घालवतं, पण कव्हर सावलीत, नाहीतर इलॅस्टिक सैल पडतं. आमच्याकडे बाराच्या बारा कव्हर अजून शाबूत आहेत, वापरलेल्या सहापैकी दोघांचं मांडीचं इलॅस्टिक ढिलं झालं होतं, कोपऱ्यावरच्या टेलरकाकांनी नवीन घालून दिलं.

आणि मग पाऊस. २०२५ ला मुंबईत पाऊस २६ मेलाच आला, एरवी ११ जूनच्या आसपास येतो, म्हणजे आम्हाला सवय व्हायच्या आतच आला. जूनमध्ये इन्सर्ट वाळायला दीड-दीड दिवस लागायला लागला. घरभर दोऱ्या, बेडरूमच्या पंख्याखाली स्टँड, खुर्च्यांच्या पाठींवर पॅड, आणि सगळ्याला एक कुबट वास. त्यावर जे उपयोगी पडलं ते सांगतो: मायक्रोफायबरचे जास्तीचे इन्सर्ट घेतले, सुती पॅड शिवलेले जाड न घेता घडी घालायचे पातळ चौकोनी घेतले, कारण उलगडून टाकले की एकेरी कापड पंख्याखाली चार-पाच तासात वाळतं आणि घडी घातली की तेवढंच शोषतं. म्हणजे शेवटी सासूबाईंचं दुपटंच. सुती पॅड नव्वद टक्के वाळले की इस्त्री. ऑगस्टच्या १८-१९ तारखेला मुंबई-ठाण्यात जो पाऊस झाला तेव्हा मी घरीच अडकलो होतो आणि रात्री साडेअकराला ओट्याशेजारी उभा राहून एकेक पॅड इस्त्री करत होतो, गरम ओल्या कापडाची वाफ आणि लेक मांडीवर घेऊन बायको पलीकडे डुलक्या घेत बसलेली, दुसऱ्या दिवशी सकाळसाठी चार कोरडे हवेत एवढंच डोक्यात. ज्यांच्याकडे गच्ची नाही आणि मशीनही नाही त्यांना मी कोकणपट्टीतल्या पावसाळ्यात पूर्ण कापडी करा असं सांगणार नाही. जून ते सप्टेंबर अर्धं कापडी, अर्धं विकतचं म्हणजे वापरून फेकायचं असं करा.

ऑगस्टमध्येच बायकोची २६ आठवड्यांची रजा संपली, लेकीला सहा महिने पूर्ण झाले आणि उष्टावण झालं, म्हणजे नाचणीचं सत्त्व, मऊ भात, मुगाच्या वरणाचं पाणी सुरू, आणि त्याबरोबर शीचा प्रकारच बदलला. घट्ट शी कापडावरून आधी झटकावी लागते. संडासातला जेट स्प्रे कामाला येतो, जोरात मारला तर भिंतीवर उडतं म्हणून डायपर भांड्याच्या आत धरून वरून खाली मारायचा. त्याहून सोपी युक्ती म्हणजे जुन्या मलमलच्या साडीचे वीतभर पट्टे कापून डायपरच्या आत सगळ्यात वर घालायचे, शी त्याच्यावरच राहते, पट्टा वेगळा धुवायचा. रॅशसाठी डॉक्टरांनी झिंक ऑक्साइडचं क्रीम दिलं होतं, त्याचा चिकट थर इन्सर्टवर बसू नये म्हणूनही हा पट्टा लागतो.

पाळणाघराचं टेन्शन होतं. एका ठिकाणी सरळ नाही म्हणाले, विकतचेच डायपर पाठवा. दुसरीकडच्या मावशी म्हणाल्या, "अहो, आम्ही बाळुतीच वापरली मुलांना, टिचबटण काय लावता येत नाही होय, द्या तुम्ही." रोज पाच डायपर भरून तयार आणि ओल्यांसाठी चेन असलेली पिशवी देतो, संध्याकाळी तीच पिशवी परत. मावशींना जास्तीचे पैसे विचारले तर घेतले नाहीत, दिवाळीला साडी दिली. पाळणाघर बघताना हा प्रश्न आधी विचारा, फी नंतर.

रात्री मात्र आम्ही विकतचाच वापरतो आणि कोणी काही म्हणो, यात मी बदल करणार नाही. जूनमध्ये काही रात्री कापडीवर काढून बघितल्या, दोनला आणि पाचला उठून बदलायचं, बदलताना लेक पूर्ण जागी, मग तिला परत झोपवायला तास, आणि सहा पन्नासची लोकल. विकतच्या डायपरमधला जेलसारखा पदार्थ शू धरून ठेवतो, ती सलग झोपते, आम्ही झोपतो. अकरा रुपयांत दोन माणसांची झोप मिळते, घरखर्चात यापेक्षा चांगला सौदा मला माहीत नाही. फक्त वापरलेला डायपर पेपरात घट्ट गुंडाळून वेगळा द्या, घनकचऱ्याच्या सरकारी नियमांतही तसंच सांगितलंय, आणि नियम सोडा, तो कचरा हाताने वेगळा करणारी माणसं आहेत.

हिशोब. पूर्ण विकतचे वापरले असते तर दिवसाला सहा धरून महिन्याला दोन हजार, आठ महिन्यांचे सोळा हजार. आमचं झालं असं: बारा डायपर, जास्तीचे इन्सर्ट, पिशवी मिळून ४,३००. रात्रीचे आणि प्रवासाचे विकतचे महिन्याला साडेपाचशे, म्हणजे ४,४००. पावडर आणि वीज महिन्याला दोनशे धरले तर १,६००. एकूण १०,३००. वाचले ५,७००. २२ सप्टेंबर २०२५ पासून डायपरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला, त्यामुळे विकतचेही थोडे उतरले, म्हणजे बचत अजून जराशी कमी धरा. पुढच्या वर्षी घेण्याचा खर्च नाही, तेव्हा महिन्याला हजार-बाराशे सरळ वाचतील, आणि दुसरं मूल झालं तर कव्हर तेच.

पण या ५,७०० मध्ये धुणाऱ्याचे हात धरलेले नाहीत. आमच्या बिल्डिंगमध्ये कामाला येणाऱ्या ताई बाळुत्यांचे वेगळे हजार रुपये घेतात, आणि बरोबरच आहे, ते कष्टाचं काम आहे. त्यांना दिलं असतं तर बचत उणे. म्हणजे पैसे वाचतात ते घरातल्या कोणाच्या तरी रोजच्या पाऊण तासातून. हा पाऊण तास बहुतेक घरांत न विचारता आईच्या वाट्याला जातो, जी आधीच दूध पाजतेय आणि रात्री उठतेय. आमच्याकडे पहिल्या दिवसापासून ठरलं, डायपर मी घेतलेत, धुणं आणि वाळत घालणं माझं, इन्सर्ट भरून ठेवणं तिचं. लेक आजारी होती त्या आठवड्यात आम्ही सरळ पूर्ण विकतचे वापरले, कोणी कोणाला काही बोललं नाही. माझ्या वयाच्या बाबा लोकांना कळकळीने सांगतो, तुम्ही धुणार नसाल तर कापडी डायपर ऑर्डर करून बायकोच्या हातात देऊ नका, तो पैसा वाचवणं नव्हे.

बजेटचं म्हणून अजून एक, विषयाला सोडून आहे पण सांगतो: डायपरमध्ये जेवढे वाचले त्याहून खूप जास्त लसींमध्ये वाचले. बीसीजी, पोलिओ, पेंटा, रोटा, पीसीव्ही (न्यूमोनियाची), नऊ महिन्यांची एमआर (गोवर-रुबेलाची), सगळं सरकारी केंद्रात फुकट मिळतं, रांगेत अर्धा दिवस जातो पण खाजगीत नुसत्या पीसीव्हीचा एक डोस हजारांत जातो.

आता कोणी विचारलं तर मी असं घ्यायला सांगेन: तीन महिने लंगोट. मग आधी दोनच कापडी डायपर, वेगवेगळ्या ब्रँडचे, दोन आठवडे वापरून बघा कोणता तुमच्या बाळाच्या मांडीला बसतो, आमच्या लेकीच्या मांड्या बारीक आहेत, तिला अरुंद कटचा बसला, भाचा गुबगुबीत आहे त्याला तोच रुततो. मग त्यातले आठ-दहा, निम्मे वापरलेले चालतील, फक्त घेताना कव्हर उजेडात धरून आतला थर सुटलाय का बघा आणि इलॅस्टिक ओढून बघा. पॅड मात्र डायपरच्या दुप्पट हवेत. टिचबटणवालेच घ्या, वेल्क्रोला धाग्यांचे गुंते चिकटतात आणि आठ-नऊ महिन्यांचं मूल तो स्वतः ओढून काढतं. पांढरे आणि फिकट रंग टाळा. आणि खरेदी शक्यतो ऑक्टोबर ते मार्चमध्ये सुरू करा म्हणजे पाऊस यायच्या आत हाताला वळण लागतं.

कोणाला वाशीपासून बदलापूरपर्यंत वापरलेले चांगले इन्सर्ट द्यायचे असतील तर मला हवेत, सुती, घडीचे, डाग असले तरी चालतील.