वावरातली मोटर, घरातला कूलर: कंट्रोलर एक ठेवावा की दोन?

स्मार्ट होमबद्दल वाचायला मिळतं ते बहुतेक शहरातल्या फ्लॅटचं असतं. तिथं सगळं एका छताखाली आणि लाईन जवळजवळ चोवीस तास. आपल्याकडे काटोल-नरखेड घ्या की वरूड-मोर्शी, घर गावात आणि वावर दीड-दोन किलोमीटरवर. घरात सिंगल फेज, मोटरला थ्री फेज, आणि ती थ्री फेजही कृषी फीडरच्या पाळीनुसार ठरावीक तासच, कधी दिवसा, कधी रात्री. म्हणून उपकरणं आपोआप चालवणारा कंट्रोलर एक घ्यावा की दोन, हे आपल्याकडे पैशांपेक्षा अंतरावर आणि लाईनीवर जास्त ठरतं.

माझं मत आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना ताडून पाहता येईल. कंट्रोलर दोन काय, तीन असले तरी चालतील. पण एका मोटरचा, एका कूलरचा, एका वॉल्व्हचा निर्णय घेणारा एकच हवा. नुसतं घर असेल तर एकच कंट्रोलर घ्या आणि उरलेले पैसे बॅटरी बॅकअपवर घाला. घर आणि वावर दोन्ही जोडायचं असेल तर दोन घ्या आणि त्यांची हद्द आधी आखा.

मोबाईलवरचं ॲप म्हणजे कंट्रोलर नव्हे, एवढं मात्र ध्यानात ठेवा. घरातले पाच जण पाच मोबाईलवरून एकच दिवा लावू शकतात, तरी कंट्रोलर एकच असतो. उपकरणं ज्याच्या नेटवर्कला जोडलेली आहेत आणि नियम ज्याच्यात साठवलेले आहेत, तो डबा म्हणजे कंट्रोलर. मग तो कंपनीचा तयार हब असो की रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर चालणारं होम असिस्टंट हे सॉफ्टवेअर.

सगळं एकाच कंट्रोलरवर

यात मोठी सोय आहे. रात्री दोनला कूलर का चालू झाला हे शोधायचं तर एकाच ठिकाणची नोंद पाहायची. बॅकअप एकाचाच घ्यायचा, अपडेट एकालाच द्यायचं. उपकरणं वाढली म्हणून दुसरा कंट्रोलर घ्यावा लागेल, ही भीतीही नको. झेड-वेव्ह या उपकरणं जोडण्याच्या बिनतारी पद्धतीत नेहमीच्या एका नेटवर्कमध्ये २३२ नोड (जोडलेली यंत्रं) बसतात. गावातल्या मोठ्या वाड्यालाही तेवढे लागत नाहीत.

अडचण येते ती सिग्नल पोचण्याची. झिगबी ही अशीच दुसरी बिनतारी पद्धत, ती २.४ गिगाहर्ट्झवर चालते. मातीच्या जाड भिंती आणि वर टिनाचे पत्रे असले की सिग्नल दोन खोल्यांतच थकतो. त्यावर उपाय म्हणून झिगबीत मेश असतं: कायम लाईनवर असलेले प्लग आणि स्विच एकमेकांचे निरोप पुढे पोचवतात. बॅटरीवर चालणारे सेन्सर हे काम करत नाहीत.

नेमकं इथंच आपल्याकडे गणित चुकतं. कंट्रोलर बैठकीत, इन्व्हर्टरवर. मागच्या कोठ्यात पाण्याच्या हौदाचा सेन्सर, त्याची बॅटरी नवी. दोघांच्या मध्ये निरोप पोचवणारा प्लग आहे, पण तो कूलरच्या पॉइंटला, आणि कूलर इन्व्हर्टरवर घेतलेला नसतो. लाईन गेली की मधला प्लग मेला, आणि हौदाचा सेन्सर चांगला असूनही गप्प. लाईन आल्यावर सगळं आपोआप ठीक होतं, त्यामुळे दोष कंट्रोलरवर येतो आणि माणूस दुसरा कंट्रोलर विकत आणतो. त्याची गरजच नसते. निरोप पोचवणारा एक प्लग इन्व्हर्टरच्या वायरिंगवर घेतला की काम होतं. दुसऱ्या कंट्रोलरचा विचार करण्याआधी मेन स्विच पाडून दहा-पंधरा मिनिटं पाहा की कोणकोणती उपकरणं गायब होतात. यादी तिथंच हातात येते.

झेड-वेव्ह भिंतींमधून जास्त चांगलं जातं, कारण भारतात ते ८६५.२ मेगाहर्ट्झवर, म्हणजे झिगबीपेक्षा खालच्या फ्रिक्वेन्सीवर चालतं. पण निरोप जास्तीत जास्त चार टप्प्यांतूनच पुढे जातो, आणि उपकरण भारताच्या फ्रिक्वेन्सीचंच लागतं. अमेरिकेतून किंवा युरोपातून कोणी आणून दिलेलं मोड्यूल इथल्या कंट्रोलरला ऐकूच येत नाही.

एका कंट्रोलरची खरी जोखीम म्हणजे तो डबाच बसला तर. लाईन येते-जाते अशा ठिकाणी रास्पबेरी पायचं मेमरी कार्ड खराब होणं नवं नाही. त्यावरचा उपाय शेवटी सांगतो. त्यासाठी दोन कंट्रोलर सतत चालू ठेवावे लागत नाहीत.

घराला एक, वावराला एक

वावर लांब असेल तर माझ्या मते हाच मार्ग बरोबर आहे. दीड किलोमीटरवर झिगबी जात नाही, वायफाय जात नाही. घरचा कंट्रोलर इंटरनेटवरून वावरातली मोटर चालवू शकतो, पण मग मोटरचा प्रत्येक निर्णय मोबाईल टॉवरवर अवलंबून राहतो. लाईन बराच वेळ गेली की कधीकधी टॉवरही मान टाकतो. मोटर चालू असताना संपर्क तुटला, तर ती बंद करणार कोण?

म्हणून वावरातल्या पेटीशेजारी स्वतंत्र छोटा कंट्रोलर हवा. टाकीची पातळी, विहिरीचं पाणी, फेज, ठिबकचे वॉल्व्ह हे सगळं त्यानं स्वतःच्या बळावर सांभाळायचं. घरच्या कंट्रोलरला फक्त खबर द्यायची: मोटर चालू, टाकी भरली, एक फेज गेली. ही खबर सिमवरून जाऊ शकते, किंवा मध्ये डोंगर-टेकडी नसेल तर लोरा या लांब पल्ल्याच्या बिनतारी पद्धतीनं. लोराला उघड्या शिवारात काही किलोमीटर अंतर कापता येतं, परवाना लागत नाही, आणि महिन्याचं रिचार्जही नाही. त्यातून व्हिडिओ जाणार नाही, पण ‘टाकी भरली’ हे सांगायला काही अक्षरं पुरतात. दोन्हीकडे होम असिस्टंट असेल तर एमक्यूटीटी या छोटे निरोप पाठवण्याच्या पद्धतीनं ही देवाणघेवाण सरळ जमते. घर आणि कोठा जवळजवळ असले, तरी त्यांच्यात तांब्याची नेटवर्क केबल उघड्यावरून ओढू नका. मृगाच्या विजा कडाडायला लागल्या की तीच केबल दोन्हीकडची यंत्रं जाळते. बिनतारी जोडणी किंवा फायबर घ्या.

आता हद्द आखण्याचा प्रश्न, आणि इथं नीट थांबायला हवं. वावरातल्या मोटरवर आधीच एक मालक बसलेला असतो: स्टार्टरच्या पेटीतला ऑटो. लाईन आली की तो मोटर चालू करतो, कोणाला विचारत नाही. एका डीपीवरच्या (ट्रान्सफॉर्मरवरच्या) सगळ्या मोटरी ऑटोवर असल्या की त्या एकदम उठतात आणि फ्यूज उडतो. अशा पेटीला वावरचा कंट्रोलर जोडला आणि घरच्या कंट्रोलरलाही मोटर चालवायची मुभा दिली, तर मालक तीन झाले. टाकी भरली म्हणून एकानं बंद केली, वेळ झाली म्हणून दुसऱ्यानं चालू केली, लाईन झटका देऊन परत आली म्हणून ऑटोनं पुन्हा उठवली. पेटीतून काँटॅक्टरचा टकटक आवाज यायला लागतो, आणि तेवढ्यात वाइंडिंग तापतं. म्हणून कंट्रोलर बसवायच्या दिवशी ऑटो काढायचा, आणि लाईन आल्यावर काही मिनिटं थांबून मगच मोटर उठवायची असा नियम कंट्रोलरमध्ये घालायचा. शेजाऱ्यांच्या मोटरींबरोबर एकदम भार पडत नाही. सिंगल फेज प्रिव्हेंटर (एखादी फेज गेली की मोटर थांबवणारा), ओव्हरलोड रिले (भार वाढला की थांबवणारा) आणि ड्राय रन संरक्षण (पाण्याविना मोटर चालू न देणारं) मात्र पेटीतच राहू द्या. ते काम कोणत्याही कंट्रोलरवर सोपवू नये.

संत्र्याच्या बागेत तर दोन मालकांची किंमत फार मोठी पडते. आंबिया बहारासाठी डिसेंबरमध्ये बागेला ताण देतात, म्हणजे पाणी तोडतात. वावरच्या कंट्रोलरवर तुम्ही पाण्याचं वेळापत्रक थांबवलं, पण पावसाळ्यानंतर घरच्या कंट्रोलरवर कधीतरी केलेलं जुनं वेळापत्रक तसंच राहिलं, तर ऐन ताणात एका रात्री ठिबक सुरू होतं. दिवा उगाच लागला तर बटण दाबून विझवता येतो. ताण मोडला तर बहाराचं नुकसान त्या वर्षापुरतं भरून निघत नाही. त्यामुळे पाण्याचं वेळापत्रक फक्त वावरच्या कंट्रोलरवर असावं, आणि घरच्या कंट्रोलरला ते पाहायची परवानगी असावी, बदलायची नाही. घरून पाणी सोडायचं असेल तर घरच्या कंट्रोलरनं विनंती पाठवायची. सोडायचं की नाही हे वावरच्यानं फेज आणि पातळी पाहून ठरवायचं.

खर्चाची बाजू लपवण्यासारखी नाही. दुसरा डबा, त्याची वेगळी बॅटरी किंवा छोटं सोलर पॅनल, कुलूपबंद पेटी, सिम असेल तर रिचार्ज, आणि उन्हाळ्यात ४५ अंशांवर टिनाच्या खोलीत तो तापणार नाही याची तजवीज. पेटी मोटरघराच्या बाहेर, उत्तरेच्या भिंतीला, सावलीत लावली तर यंत्र टिकतं.

फक्त मोटर चालू-बंद करायची असेल, बाकी काही नको, तर हा सगळा खटाटोप करू नका. सिमवर चालणारा मोबाईल स्टार्टर पुरतो.

एकाच घरात दोन कंट्रोलर

आवाजावर चालणारा स्पीकर आला की हा प्रश्न उभा राहतो: घरात आधीच हब आहे, आता स्पीकरलाही सगळं जोडायचं का?

झिगबीचं उत्तर साधं आहे. एका नेटवर्कला एकच कोऑर्डिनेटर (नेटवर्क चालवणारं मुख्य यंत्र), आणि एक उपकरण एका वेळी एकाच नेटवर्कमध्ये. दुसऱ्याकडे न्यायचं तर रीसेट करून नव्यानं जोडावं लागतं. दोन कोऑर्डिनेटर लावता येतात, पण मग ती दोन वेगळी नेटवर्कं होतात आणि एकातला प्लग दुसऱ्यातल्या सेन्सरचा निरोप नेत नाही. मेश वाढण्याऐवजी तुटते. झेड-वेव्हमध्ये प्रायमरी आणि सेकंडरी कंट्रोलर एकाच नेटवर्कवर राहू शकतात, ती सोय मुळातच आहे. पण उपकरणं जोडणं-काढणं प्रायमरीच्या हातात असतं, आणि दुसऱ्या कंपनीच्या हबशी हे जमवताना बराच वेळ जातो.

मॅटर या वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणं एकत्र जोडणाऱ्या मानकानं इथं खरा फरक पाडला. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या या मानकात एक उपकरण एकाच वेळी अनेक कंट्रोलरांना जोडता येतं, आणि प्रत्येक उपकरणाला किमान पाच वेगवेगळ्या जोडण्या सांभाळता आल्या पाहिजेत असा नियमच आहे. एकानं दिवा लावला तर दुसऱ्यालाही तो लागलेला दिसतो. दिसत नाहीत ते एकमेकांचे नियम. हबमध्ये ‘खोली ३४ अंशांवर गेली की कूलर चालू’ आणि स्पीकरच्या ॲपमध्ये ‘रात्री ११ ला कूलर बंद’ असं असेल, तर मे महिन्याच्या रात्री ११ नंतर कूलरनं कोणाचं ऐकायचं हे कोणतंही मानक ठरवत नाही.

म्हणून एका घरात दोन कंट्रोलर ठेवायचे तर नियम एकातच लिहा. दुसऱ्याला फक्त हुकूम पोचवू द्या: आईनं म्हटलं ‘कूलर लाव’, लागला, संपलं. एवढ्यासाठी मॅटर उत्तम. थ्रेड या बिनतारी मेशवरची उपकरणं घेणार असाल तर दोन कंपन्यांचे बॉर्डर राउटर (थ्रेडला घरच्या नेटवर्कशी जोडणारी यंत्रं) आपोआप एक नेटवर्क करतीलच असं नाही. दोन्ही थ्रेड १.४ चे आहेत का ते खोक्यावर पाहून घ्या.

कपाटातला राखीव कंट्रोलर

घर एवढंच असेल, तर बंद पडण्याच्या भीतीवर हाच स्वस्त उपाय. त्याच बनावटीचा दुसरा झिगबी अडॅप्टर (कोऑर्डिनेटरचं काम करणारा) आणि तयार मेमरी कार्ड कपाटात ठेवायचं, आणि बॅकअप दर आठवड्याला आपोआप दुसऱ्या ठिकाणी जाईल असं करायचं. झेड-वेव्हचा बॅकअप नसेल तर कंट्रोलर गेल्यावर प्रत्येक उपकरण पुन्हा जोडावं लागतं, छतावरच्या टाकीच्या सेन्सरपासून फाटकाच्या दिव्यापर्यंत. झिगबीचा बॅकअप त्याच जातीच्या अडॅप्टरवर उतरवला की उपकरणं सहसा न जोडता परत येतात.

हे एकदा सवडीनं करून पाहा, बिघाड होण्याची वाट न बघता. राखीव अडॅप्टर लावण्याआधी जुना अडॅप्टर पूर्ण काढून घ्या. एकाच ओळखीचे दोन कोऑर्डिनेटर एकदम चालू राहिले तर उपकरणं कधी याला, कधी त्याला उत्तर देतात, आणि बिघाड कुठं आहे ते समजत नाही.