आयकर खात्याचा कॅल्क्युलेटर: श्रीमंतांच्या करकपातीवर भांडण्याआधी वापरा

ई-फायलिंग पोर्टलच्या मुखपृष्ठावर, क्विक लिंक्समध्ये. लॉगिन नको, पॅन नको, पैसे तर नकोतच.

2023 च्या अर्थसंकल्पाने नव्या करप्रणालीत 5 कोटींवर कमावणाऱ्यांचा अधिभार, म्हणजे करावरचा जादा कर, 37 टक्क्यांवरून 25 वर आणला; जुन्या प्रणालीत तो 37 च राहिला. सर्वोच्च दर 42.744 वरून थेट 39. समर्थक म्हणतात, जादा दराने पैसेवाले देश सोडतात. विरोधक म्हणतात, खैरात मोजक्यांनाच. खैरात केवढी, ते इथे कळतं. करनिर्धारण वर्ष 2026-27 निवडा, वय साठच्या आत, करपात्र उत्पन्न 6 कोटी. जुन्या प्रणालीत कर 2,53,79,250 रुपये, नव्यात 2,28,54,000. फरक सव्वापंचवीस लाखांचा. जुन्यात वजावटी घेतल्या तर तो थोडा घटेल, पण 80सी कलमाची दीड लाखाची वजावट इथे चिल्लरच.

लोक चुकतात ते 'बेसिक' टॅबमध्ये. तिथे उत्पन्नाचा एकच आकडा मागतात आणि सगळ्यावर स्लॅबचे दर लावतात. बड्यांची कमाई बहुतेक शेअर्सची. सूचिबद्ध शेअर्सच्या दीर्घकालीन नफ्यावर सव्वा लाखापुढे कर साडेबारा टक्के, अधिभार फार तर 15. उपकर धरून 14.95. म्हणून 'अॅडव्हान्स्ड' टॅब उघडा आणि भांडवली नफा त्याच्याच रकान्यात भरा. रकाने कंटाळा येईपर्यंत आहेत, मांडणीही रुक्षच. तरी टीव्हीवरच्या चर्चेपेक्षा हे बरं: 39 की 42 यावर घसा कोरडा करणाऱ्यांना हा पंधराचा आकडा सहसा दिसतच नाही.