‘नव्या’ टेपा आणि बदललेलं हेड

आमचा छोटा छापखाना आहे. दिवाळी अंकांच्या फाइली, जुनी पुस्तकं, सगळ्याचा बॅकअप दर शुक्रवारी एलटीओ-६ टेपवर, म्हणजे डेटा साठवायच्या चुंबकीय फितीच्या कार्ट्रिजवर, जातो. मागच्या पावसाळ्यात बॅकअप निम्म्यावर येऊन राइट एरर द्यायला लागला. ड्राइव्हवरचा, म्हणजे टेप लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या यंत्रावरचा, क्लीनिंगचा दिवा पेटायचा, क्लीनिंग कार्ट्रिज घातली की विझायचा, दोन दिवसांनी पुन्हा हजर.

ज्याच्याकडून दहा टेपा घेतल्या होत्या, त्याचाच इंजिनिअर आला. पाच मिनिटांत निकाल: ‘साहेब, हेड गेलं.’ हेड म्हणजे ड्राइव्हमधला टेपला टेकून लिहिणारा-वाचणारा भाग. तो बदलायला २८,००० रुपये मोजले. पुढच्या शुक्रवारी पुन्हा तेच.

मग मी ते केलं जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं: तीन वर्षांपूर्वीची एक जुनी टेप घातली. एका दमात भरली! म्हणजे ड्राइव्ह धडधाकट होता, दुखणं टेपांचं होतं.

एलटीओ कार्ट्रिजच्या पोटात एक चिप असते. टेप किती वेळा ड्राइव्हमध्ये चढली, जन्मभरात तिच्यावर किती डेटा लिहिला, कधी बनली, सिरियल नंबर काय, हे सगळं तिच्यात असतं. लिनक्सवर एसजी-थ्री-यूटिल्स (sg3_utils) ही छोट्या प्रोग्रॅम्सची जुडी टाकून ती ड्राइव्हमधून वाचता येते. आमच्या ‘सीलबंद’ टेपा शेकडो वेळा चढलेल्या निघाल्या. चिपमधला नंबर एक, कार्ट्रिजवरच्या चकचकीत स्टिकरचा दुसराच.

विक्रेत्याला फोन केला. तो म्हणाला, ‘बिल बघा.’ बिलावर ‘टेप, १० नग’ एवढंच. ‘नवीन’ हा शब्द नाही, सिरियल नंबर नाहीत. स्वस्त पडतंय म्हणून मीही विचारलं नव्हतं, ही चूक माझीच.

या टेपा डिगॉस करून, म्हणजे जोरदार चुंबकाने पुसून, कोऱ्या करता येत नाहीत. हेडला वाट दाखवणाऱ्या, कारखान्यातच आखलेल्या खुणा (सर्वो ट्रॅक) त्यात पुसल्या जातात आणि टेप कायमची निकामी होते. त्यामुळे जुना माल विकणारा फार तर सुरुवातीला थोडं पुसतो, वर प्लास्टिक चढवतो. याने तेवढेही कष्ट घेतले नव्हते. न फोडलेली एक टेप उघडून वाचली, तर कुठल्यातरी कारखान्याचे पगारपत्रक, नावं आणि बँक खात्यांसकट.

आणि गेल्या वर्षी आमच्या चौदा जुन्या टेपा ‘नष्ट करून टाकतो’ म्हणत हाच माणूस घेऊन गेला होता.