जपानची जुनी लेन्स, मुंबईचं कस्टम आणि माझे ३०९ रुपये

आधीच सांगते, कोणाचंच नाव घेणार नाही, कारण कुरियरवाल्यांशी माझा ईमेलवरचा कज्जा अजून मिटलेला नाही. पण गोव्यात डिचोलीत बसून जपानहून जुनी वस्तू मागवली तर शेवटी खिशातून किती जातात हे मला कोणी नीट सांगितलं नव्हतं, म्हणून लिहितेय. एकदा कुरियरने मागवली, एकदा पोस्टाने, दोन्हींचं सांगते.

पहिली वस्तू म्हणजे निकॉनची जुनी निकॉर लेन्स, १०५ एमएम एफ २.५, एआय-एस, पूर्ण मॅन्युअल, म्हणजे फोकस हाताने फिरवायचा. मला ती हवी होती काल्याच्या, म्हणजे देवळाच्या उत्सवातल्या नाटकांसाठी. आमच्याकडे देवळाच्या प्राकारात रात्री नाटक उभं राहतं, एक वाजता राजा एंट्री घेतो, लाइट म्हणजे वरचे दोन हॅलोजन आणि बाजूची एक ट्यूब, कॅमेऱ्यासोबत आलेल्या किट लेन्सने फोटो काढला तर राजा म्हणजे नुसता लालपिवळा डाग. मुंबई-पुण्याच्या ग्रुपवर ही लेन्स क्वचित येते आणि आली तर आत फंगस घेऊनच. म्हणून २०२४ च्या पावसाळ्यात जपानवर नजर टाकली.

तिकडची प्रॉक्सी साइट, म्हणजे आपल्या वतीने जपानी लिलावात बोली लावून, वस्तू स्वतःच्या गोदामात घेऊन, मग आपल्याला पाठवणारे, त्यांना माझ्याकडून पाचपैकी पाच. बारा फोटो होते. फोकस रिंगवर रंग कुठे उडालाय त्याचा वेगळा क्लोजअप, काचेत टॉर्च मारून काढलेला फोटो वेगळा, आणि खाली लिहिलेलं की कडेला धुळीचे दोन कण आहेत. लेन्स आली तेव्हा मी कण मोजले, दोनच निघाले! आपल्याकडे 'एकदम नवी कंडिशन' म्हणून विकतात त्याला जपानी दुकानदार 'बरी' म्हणतो असं दिसतंय. लेन्स, त्यांची फी आणि जपानातल्या जपानातलं पार्सल धरून ११,००० रुपये, विमानाचं कुरियर २,६००. म्हणजे तेरा हजार सहाशेत काम झालं असं मी घरी सांगून टाकलं, तिथेच चुकलं.

कुरियर पाच दिवसांत मुंबईला, हे मान्य करायला हवं. मग ईमेलवर ईमेल. आधार द्या, पॅन द्या, पेमेंटचा स्क्रीनशॉट द्या, इनव्हॉइसवर 'यूज्ड' लिहिलंय त्याचं काय ते लिहून द्या. हे सगळं फोनवरून पीडीएफ करकरून पाठवलं आणि मग आलं बिल. शांतपणे वाचा, कारण इथेच सगळी गोम आहे.

ड्युटी वस्तूच्या किमतीवर लागते असं आपण धरून चालतो. ती लागते किंमत, भाडं आणि विमा या तिन्हींच्या बेरजेवर. मी विमा काढलाच नव्हता, तरी विम्याचा आकडा नसेल तर किमतीच्या १.१२५ टक्के धरायचा असा नियम आहे, म्हणजे न काढलेल्या विम्याचे १२४ रुपये धरले गेले. झाले १३,७२४. त्यावर बेसिक ड्युटी ३५ टक्के, त्या ड्युटीवर १० टक्के सोशल वेल्फेअर सरचार्ज, आणि हे सगळं मूळ रकमेत मिळवून जे होतं त्यावर २८ टक्के आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी. करावर कर, त्यावर परत कर. हिशेब केला तर बरोबर ७७.२८ टक्के पडतो, पर्सनल पार्सलला तेव्हा हाच रेट होता. माझे झाले १०,६०६ रुपये. शिवाय कुरियरने आमच्या वतीने ड्युटी आगाऊ भरली म्हणून त्यांची फी ११००, तिच्यावर जीएसटी १८ टक्के, म्हणजे १,२९८. एकूण लेन्स पडली २५,५०४ ला. घरी मी अजून बावीस सांगितलंय.

आता जुनी वस्तू आहे तर ड्युटी कमी नको का? हे मला निदान पाच जणांनी विचारलं. जुनी म्हणून रेटमध्ये काहीच सूट नाही, जुनी वस्तू स्वस्त मिळते तेवढाच काय तो फायदा. उलट जुनेपणाचा त्रासच आहे. फॉरेन ट्रेड पॉलिसीत कॅपिटल गुड्स (कारखान्याची यंत्रं वगैरे) सोडून बाकीच्या सेकंडहँड वस्तू 'रिस्ट्रिक्टेड' यादीत येतात, म्हणजे कागदावर बघायला गेलं तर डीजीएफटीचं, म्हणजे परदेशी व्यापाराच्या सरकारी खात्याचं, ऑथरायझेशन लागतं. माझी एक लेन्स खुलासा घेऊन सोडली, म्हणून तुमचीही सुटेल असं मी म्हणणार नाही, आणि दहा लेन्स मागवून इथे विकायचा विचार असेल तर तो सोडाच.

बरं, ते ३०९ रुपये. बिल आल्यावर झोप लागेना म्हणून मी कस्टमचे २००७ चे व्हॅल्युएशन रूल्स वाचत बसले (नवरा म्हणाला एवढा अभ्यास बारावीला केला असतास तर), त्यात दहाव्या नियमात सरळ लिहिलंय की माल विमानाने आला तर भाडं वस्तूच्या किमतीच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त धरता येत नाही. ११,००० चे २० टक्के म्हणजे २,२००. माझे धरले होते पूर्ण २,६००. चारशे रुपये जास्त, त्यावर ७७.२८ टक्के, म्हणजे ३०९. कुरियरला लिहिलं. पहिलं उत्तर आलं की असेसमेंट कस्टम करतं. मी लिहिलं की बाबा, कागद तर तुम्हीच भरता ना. दुसरं उत्तर, तुमची तक्रार संबंधित विभागाकडे पाठवलीय. तिसऱ्याला उत्तरच नाही. रक्कम मोठी नाही हे मलाही कळतं, पण ज्या फीमध्ये १,२९८ घेतले तिच्यात हा नियम माहीत असणं धरलेलं नाही का? स्पीडला चार, बाकी सगळ्याला दीड.

यावर एक उपाय म्हणून लोक सांगतात की दुकानदाराला 'गिफ्ट' लिहायला सांग. नका सांगू. आमच्या मामेभावाने घड्याळ मागवताना तसं केलं आणि दोन महिने पार्सल लटकलं. डिसेंबर २०१९ पासून पोस्ट किंवा कुरियरने गिफ्ट म्हणून माल सोडवायला बंदी आहे, माफी फक्त जीव वाचवणाऱ्या औषधांना आणि राखीला. राखीबरोबर पाठवलेल्या मिठाईला नाही, फक्त राखीला. पूर्ण ड्युटी भरून घेणार असाल तर गोष्ट वेगळी, पण मग गिफ्ट लिहून मिळवलं काय? किंमत कमी लिहा म्हणणारेही आहेत, तो तर शुद्ध वेडेपणा, कस्टमला शंका आली तर ते तुमचा आकडा बाजूला ठेवून स्वतःचा धरतात आणि वर दंड.

आणि आपल्या गोव्यात तर याची जास्तच चीड येते, कारण दर चौथ्या घरात कोणीतरी तारवटी, म्हणजे बोटीवर कामाला, नाहीतर गल्फात. तीच वस्तू माणसाच्या बॅगेतून आली तर २०१६ च्या बॅगेज नियमांत पन्नास हजारांपर्यंत माफ होती, २०२६ मध्ये ती मर्यादा पंचाहत्तर हजार झाली. पार्सलला अशी माफी नाही. शेजारच्या काकींचा मुलगा बोटीवर आहे, त्यांनी बिल बघून एवढंच म्हटलं, "आमच्या बाबूक सांगपाचें आशिल्लें गे." आता काय सांगू, बाबूची बोट जपानला लागतच नाही.

दुसरी ऑर्डर २०२५ च्या डिसेंबरात, त्याच माउंटची, म्हणजे त्याच कॅमेऱ्याला बसणारी, ५० एमएम लेन्स, ४,२०० रुपयांची. यावेळी प्रॉक्सीला सांगितलं पोस्टाने पाठव. तीन आठवडे लागले, त्यातले नऊ दिवस ट्रॅकिंगवर एकच ओळ, मुंबईच्या फॉरेन पोस्ट ऑफिसात कस्टमकडे आहे. मी मनात म्हटलं गेली ही. पण दहाव्या दिवशी सुटली, आधार-पॅन कोणी मागितलं नाही, आणि पोस्टमन दारात. तो मला आता ओळखतो. "बाय, परत जपान? ड्युटीचे पयशे पयलीं, मागीर पार्सल." ड्युटी दोन हजारांवर थोडीशी, ती पार्सलवर चिकटवलेल्या कागदावर लिहिलेली, सुटे त्याच्याकडे नव्हते म्हणून शेजारी काकींकडून आणले. आगाऊ भरल्याची फी वगैरे काही नाही. पोस्टाला चार, वेळेचा एक कापला.

ड्युटी कमी पडली त्यात पोस्टाचं श्रेय नाही हेही सांगायला हवं. २०२५ च्या बजेटमध्ये बेसिक ३५ वरून २० वर आली आणि सप्टेंबरात जीएसटीची नवी व्यवस्था आली तेव्हा पर्सनल वस्तूंचा २८ टक्क्यांचा आयजीएसटी १८ झाला, त्यामुळे एकूण बोजा चाळीसच्या आसपास आला. २०२६ च्या बजेटमध्ये तर बेसिक २० वरून १० करायची घोषणा झाली. म्हणजे ज्यांनी वाट बघितली ते जिंकले, मी २०२४ ची घाई करून हरले. तरी पाच-सहा हजारांच्या वस्तूला मी पोस्टच घेईन, कारण कुरियरची ठराविक फी छोट्या वस्तूला फार जड जाते. पन्नास हजारांची कॅमेऱ्याची बॉडी असेल आणि ट्रॅकिंगशिवाय जीव राहत नसेल तर मग कुरियर, आणि भाड्याचे २० टक्के स्वतः मोजा.

लेन्सबद्दल दोन ओळी, नाहीतर रिव्ह्यू कसला. काल्याला राजाच्या मुकुटावरचा एकेक खडा दिसतोय, कपाळावरचा घाम दिसतोय. लेन्सचं हूड आतूनच सरकतं, फोकस रिंग लोण्यासारखी फिरते. पण डिचोलीच्या पावसात ती उघड्या कपाटात ठेवली तर दोन महिन्यांत काचेवर बुरशीचे धागे, म्हणून लोणच्याच्या रिकाम्या बरणीत सिलिका जेल घालून झाकण घट्ट लावून ठेवलीय. चौथा ईमेल काल पाठवला.